नळी कधी काढणार, हे रोज विचारा

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या ज्या घरांतलं माणूस आज दवाखान्यात ॲडमिट आहे, त्या घरांसाठी हे लिहिते आहे. रुग्ण घोडनदीच्या ग्रामीण रुग्णालयात असेल, न्हावऱ्याला किंवा यवतला असेल, दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात असेल, नाहीतर वाघोली-हडपसरच्या एखाद्या खासगी हॉस्पिटलात असेल. खाटेच्या कडेला लघवीची पिशवी लटकलेली दिसली, की सकाळच्या राउंडला एक प्रश्न विचारायचा. "सिस्टर, ही नळी आज काढता येईल का?" उत्तर 'नाही' आलं तर का नाही, तेही विचारायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं.

असं विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. चांगली सिस्टर हा प्रश्न स्वतःच रोज मनाशी विचारत असते. नातेवाइकांनी तो तोंडाने विचारला, की तिला डॉक्टरांशी बोलायला बळ येतं.

ही नळी म्हणजे कॅथेटर. केस पेपरवर तिला बहुतेक वेळा 'फोलीज' म्हणतात. १९३० च्या दशकात फ्रेडरिक फोली या अमेरिकन डॉक्टरांनी टोकाला फुगा असलेली नळी प्रचारात आणली, त्यांचं ते नाव. फुगा मूत्राशयात फुगवला की नळी निसटत नाही. लघवी तुंबलेल्या माणसाला ती घातली की दोन मिनिटांत जिवात जीव येतो, हे ज्यांनी पाहिलं आहे ते नळीला नावं ठेवणार नाहीत. मीही ठेवत नाही. रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत अपघात होऊन बेशुद्ध झालेला कामगार, सिझर झालेली बाळंतीण, तासातासाला लघवी मोजावी लागते असा आयसीयूतला पेशंट, प्रोस्टेटने लघवी अडलेले आजोबा, यांना नळी लागतेच. पण गरज संपली तरी ती आत तशीच राहते, आणि त्रास तिथून सुरू होतो.

निरोगी माणसात लघवीची धार दर वेळी आपला मार्ग धुऊन काढते. नळी बसली की ही धुलाई थांबते. फुग्याच्या खालच्या बाजूला थोडी लघवी कायम साचून राहते. जंतूंना आत जायला दोन वाटा मिळतात. एक नळीच्या बाहेरच्या अंगाने, कातडीला लागून. दुसरी नळीच्या आतून, म्हणजे पिशवीचा जोड कुणी उघडला किंवा पिशवीतली लघवी उलटी वर गेली तर. हे जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्याच आतड्यातले असतात. काही मात्र शेजारच्या खाटेवरून कुणाच्या तरी हातावर बसून आलेले असतात, आणि दवाखान्यातल्या अशा जंतूंवर नेहमीची औषधं चालतीलच असं नसतं.

आत गेल्यावर ते नळीला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. पाण्याच्या टाकीला आतून शेवाळ धरतं, तसा हा थर. इंजेक्शनमधलं अँटिबायोटिक या थरात नीट शिरत नाही. म्हणून नळी तशीच ठेवून वरून कितीही महागडी इंजेक्शनं दिली तरी ताप उतरतो, पुन्हा येतो, पुन्हा उतरतो. अशा वेळी खरा उपाय नळी काढणं हा असतो, आणि नळी लागणारच असेल तर जुनी काढून नवी घालणं.

नळी आत असली की रोज साधारण तीन ते सात टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. महिनाभर राहिली तर जवळजवळ सगळ्यांच्याच. यातले सगळे आजारी पडत नाहीत, ही चांगली गोष्ट. पण काहींना थंडी वाजून ताप भरतो, काहींच्या किडनीपर्यंत सूज जाते, आणि थोड्यांच्या रक्तात जंतू उतरतात. वय झालेलं असेल, साखर असेल, किडनी आधीच कमकुवत असेल, तर त्या थोड्यांत आपलं माणूस असू शकतं. मांडीच्या हाडाच्या ऑपरेशनला गेलेली आजी हाड जुळूनही तापाने दहा दिवस जास्त पडून राहते, ते पुष्कळदा याच वाटेने.

आता सिस्टर काय करतात ते जवळून पाहू, कारण तिथेच हा आजार अडतो. बाईमाणसाला नळी बहुधा सिस्टरच घालतात. पुरुषांना डॉक्टर किंवा ब्रदर घालतात आणि सिस्टर हाताशी असतात. पडदा ओढला जातो. सिस्टर साबणाने हात धुतात. निर्जंतुक हातमोज्यांचं पाकीट असं उघडतात, की मोज्याच्या बाहेरच्या अंगाला त्यांचं बोट लागत नाही. भोक असलेलं निर्जंतुक कापड अंगावर टाकतात, ती जागा स्वच्छ करतात, बधिर करणारी जेली लावतात आणि नळी पाकिटातून थेट आत जाते. मध्ये ती चादरीला किंवा मांडीला जरी लागली, तरी ती टाकून दुसरी घ्यावी लागते. लघवी आल्याची खात्री झाली की डिस्टिल्ड वॉटरने फुगा भरायचा, पिशवी जोडायची, नळी मांडीला चिकटपट्टीने पक्की करायची आणि तारीख लिहायची.

हे सगळं घाईत होत नाही. म्हणून पडद्याबाहेरून "अहो सिस्टर, झालं का? आमच्या दुसऱ्या पेशंटचं सलाईन संपलंय" अशी हाक मारू नका. त्या पाच मिनिटांत तिचं लक्ष विचलित झालं तर किंमत आपल्याच माणसाला मोजावी लागेल. पडद्याच्या आत पाहुण्यांनी उभं राहू नये. आणि सिस्टरने एक नळी टाकून दुसरी मागवली, मेडिकलमधून पुन्हा आणायला लावली, तर कुरकुर करू नका. नळीची किंमत काहीशे रुपयांच्या आत असते. तिने पडलेली नळी उचलून वापरली असती, तर ती चिंतेची गोष्ट होती.

नळी बसल्यावरचं काम पाळीपाळीने चालतं आणि ते बाहेरच्यांना दिसत नाही. रात्रपाळीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला हँडओव्हर देते तेव्हा सांगते, की अमुक नंबरच्या खाटेला तिसरा दिवस, लघवी इतकी, रंग असा. नळी कुठे मुडपली आहे का, पिशवी जमिनीला टेकली आहे का, मांडीची पट्टी सुटली आहे का, हे ती येता-जाता पाहते. पिशवी दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी करायची, प्रत्येक रुग्णाचं भांडं वेगळं, पिशवीची तोटी भांड्याला लागू द्यायची नाही, आधी हात धुवायचे, नंतरही धुवायचे, मध्ये हातमोजे. पंचवीस-तीस खाटांच्या वॉर्डात एक किंवा दोन सिस्टर असल्या, तर हे सगळं दर रुग्णामागे करताना त्यांच्या पायांचं काय होत असेल याचा विचार करा.

आणि इथे नातेवाईक मदत करायला म्हणून जे करतात, त्यातून पुष्कळ नुकसान होतं. वॉर्डातले मामा किंवा मावशी जवळ नसल्या की मुलगा स्वतःच पिशवी रिकामी करतो. एका हाताने पिशवी, दुसऱ्या हातात मोबाईल. तेच भांडं शेजारच्या काकांसाठी देतो. हात धुत नाही. त्याच हाताने वडिलांच्या सलाईनची सुई नीट बसली आहे का ते दाबून पाहतो. त्याच्या मनात प्रेमच असतं. पण मदत करायचीच असेल तर सिस्टरकडून एकदा शिकून घ्या. त्या दोन मिनिटांत शिकवतात. पिशवीचा आणि नळीचा जोड मात्र काहीही झालं तरी आपण उघडायचा नाही. लघवी येत नाही असं वाटलं तर नळी कुठे दबली आहे का पाहायचं आणि सिस्टरला बोलवायचं.

एक प्रसंग या दोन तालुक्यांत वारंवार घडतो. पेशंटला पुण्याला हलवायचं ठरतं. शिरूरहून नगर रोडने साधारण सत्तर किलोमीटर, शिक्रापूर आणि वाघोलीच्या गर्दीतून. दौंडहून पाटस, चौफुला, यवत करत सोलापूर रस्त्याने जवळपास तेवढंच. ॲम्ब्युलन्स दारात लागते, सगळे घाबरलेले असतात. चौघं मिळून पेशंटला स्ट्रेचरवर घेतात आणि लघवीची पिशवी कुठे लटकत राहू नये म्हणून कुणीतरी ती उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतं. वर चादर घातली जाते. गाडी सुटते. पुढचे दोन-अडीच तास ती भरलेली पिशवी मूत्राशयाच्या वर असते, आणि पिशवीत साचलेली, जंतू वाढलेली लघवी गाडीच्या प्रत्येक हिसक्याला नळीतून मागे जाऊ पाहते. काही पिशव्यांना उलटा प्रवाह अडवणारी झडप असते, पण तिच्या भरवशावर राहू नये. ससूनला किंवा जिथे कुठे नेतात तिथे उतरवताना पिशवी पुन्हा अशीच पोटावरून पायांवर, पायांवरून खांद्यावर फिरते. दोन दिवसांनी ताप येतो आणि घरचे म्हणतात, पुण्याच्या हवेने आला.

यावर उपाय सोपा आहे. निघण्याआधी सिस्टरला पिशवी रिकामी करून द्यायला सांगा. स्ट्रेचरवर पिशवी कडेच्या दांडीला, पेशंटच्या कमरेच्या खाली अडकवा. खाटेवरून उचलताना एका माणसाकडे फक्त पिशवीचं काम द्या. ती खाली धरायची, ओढू द्यायची नाही, जमिनीवर घासू द्यायची नाही. खासगी गाडीत सीटवर बसवून नेत असाल तर पिशवी पायांच्या बाजूला, स्वच्छ कापडी पिशवीत घालून, खाली न टेकता टांगा. रेल्वेने दौंडहून पुण्याला तपासणीसाठी नेत असाल तर वरच्या फळीच्या हुकाला ती कधीही अडकवू नका.

सिस्टरच्या शब्दाला वजन का द्यायचं, याची कारणं अनुभवातही आहेत आणि अभ्यासातही. अमेरिकेतल्या चार रुग्णालयांत डॉक्टरांना त्यांच्याच रुग्णांविषयी विचारलं, की यांना नळी आहे का? २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दर चारांतल्या एकाहून जास्त डॉक्टरांना आपल्या रुग्णाला नळी आहे हेच ठाऊक नव्हतं. वरिष्ठ डॉक्टरांत हे प्रमाण शिकाऊ डॉक्टरांपेक्षा जास्त होतं. यात डॉक्टरांना दोष द्यायचा नाही. राउंडला ते रिपोर्ट, जखम, रक्तदाब पाहतात. चादरीखालची नळी नजरेत येत नाही. सिस्टरच्या नजरेत ती दिवसातून अनेकदा येते, कारण लघवी मोजून लिहायची असते तिलाच. म्हणूनच नळीची गरज संपली हे सगळ्यांत आधी तिला कळतं. पुढे अमेरिकेतल्याच सहाशेहून अधिक रुग्णालयांनी सिस्टरने रोज नळीची गरज तपासायची आणि गरज नसेल तर काढायला सुचवायचं अशी पद्धत बसवली. साध्या वॉर्डांमध्ये नळीमुळे होणारा लघवीचा संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने घटला. आयसीयूत मात्र तसा फरक पडला नाही. तिथले रुग्ण जास्त नाजूक आणि नळीची गरज जास्त खरी असते.

आयसीयूतल्या मानेच्या किंवा छातीच्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण ती थेट रक्तात जाते. भारतातल्या सात शहरांमधल्या आयसीयूंचा एक मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहा हजारांहून अधिक रुग्ण होते. मोठ्या शिरेतल्या नळीमुळे रक्तात संसर्ग होण्याचं प्रमाण दर हजार नळी-दिवसांमागे ७.९२ निघालं. शंभर रुग्णांना दहा दिवस अशी नळी राहिली, तर त्यांतल्या जवळपास आठ जणांच्या रक्तात जंतू, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंमध्ये पाच साध्या गोष्टींची यादी काटेकोर पाळली गेली: हात धुणं, नळी घालताना पूर्ण अंग झाकणारं निर्जंतुक आवरण, क्लोरहेक्सिडिनने कातडी स्वच्छ करणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं आणि गरज संपताच नळी काढणं. डॉक्टर यातली पायरी चुकले तर त्यांना तिथेच थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला. निम्म्याहून अधिक आयसीयूंत हा संसर्ग शून्यावर आला आणि दीड वर्ष तसाच राहिला. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यांनी नवं यंत्र आणलं नाही की नवं औषध. थांबवायचा अधिकार दिला.

आपल्याकडे एखाद्या अधिपरिचारिकेने भर वॉर्डात डॉक्टरांना म्हणावं, "सर, हात धुवायचे राहिले," हे सोपं नाही. वयाने, पदाने, पगाराने ती खालची मानली जाते. कंत्राटावर असेल तर आणखीच. पण हे म्हणणं तिच्या कामाचाच भाग आहे, आणि रुग्णाचे नातेवाईक तिच्या बाजूने उभे राहिले तर तिला ते जमतं. परिचारिकेने लोकांच्या नजरा सोसून आपलं काम करणं पुणे जिल्ह्याला नवं नाही. रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चांगल्या घरच्या बायका, त्यांत विधवाही, ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवल्या, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. त्या बायकांनी ते सोसलं म्हणून आज आपण खाटेवर निश्चिंत पडतो.

काही वेळा नळी काढू न देणारे आपणच असतो. हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. "सिस्टर, राहू द्या ना नळी, रात्री उठवावं लागतं, अंथरूण ओलं होतं, आम्ही दोघंच आहोत." दमलेल्या माणसाचं हे बोलणं मला कळतं. उसाच्या हंगामात किंवा कांदा काढणीच्या दिवसांत घरात माणूस नसतं, जी सून दवाखान्यात बसलेली असते तिची रात्रंदिवस झोप झालेली नसते. तरीही अंथरूण ओलं होतं म्हणून नळी ठेवणं हा महाग सौदा आहे. पुरुषांसाठी युरिनलचं भांडं आहे, बाहेरून चढवायची कंडोम कॅथेटर आहे. बायकांसाठी बेडपॅन, डायपर, दर दोन-तीन तासांनी उठवून बसवणं आहे. कंबरेखाली उघडी जखम असेल आणि ती लघवीने भिजत असेल, तेव्हा नळी योग्य. ते डॉक्टर सांगतील.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मध्ये हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या, त्या २०१५ मध्ये जाईपर्यंत. इतकी वर्षं त्यांच्या सहकारी परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणात निकाल दिला, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही याची आवर्जून नोंद घेतली. माणसाचं अंग कोरडं आणि स्वच्छ ठेवायला हात लागतात. ते हात सिस्टरचे आणि घरच्यांचे मिळून असले तर निभतं.

सलाईनच्या सुईबद्दलही थोडं बोलते. ती इंट्राकॅथ म्हणजे शिरेतली नळीच. आपल्या भागात अशक्तपणा वाटला की "एक सलाईन लावा" अशी मागणी असते. डॉक्टर नको म्हणाले तर दुसऱ्या दवाखान्यात जातात. तोंडाने पाणी, पेज, ओआरएस घेता येत असताना शिरेत नळी घालून घेणं म्हणजे जंतूंना वाट करून देणं. ॲडमिट असताना सुईच्या जागी लाली, सूज, दुखणं, कडक दोरीसारखी शीर लागत असेल, तर ती काढून घ्या, "अजून एक दिवस चालेल" म्हणू नका. सलाईन बंद झालं असेल आणि इंजेक्शनंही नसतील, तर सुई कशासाठी ठेवली आहे ते विचारा. सिस्टर सुईच्या तोंडावर स्पिरिटचा बोळा काही सेकंद घासते ना, ते इंजेक्शनाइतकंच महत्त्वाचं आहे. तिला घाई करू नका.

आता घरी नळी घेऊन आलेल्यांसाठी, कारण त्यांच्याकडे लक्ष द्यायला वॉर्डातली सिस्टर नसते. प्रोस्टेटच्या ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत, किंवा मणक्याला मार लागल्यामुळे, गावोगावी अशी माणसं नळी घेऊन ओसरीवर बसलेली असतात. डिस्चार्जच्या वेळी सिस्टरकडून तीन गोष्टी लिहून घ्या: नळी कुठल्या तारखेला घातली, कुठल्या प्रकारची आहे आणि बदलायला किंवा काढायला कुठल्या तारखेला यायचं. साधी रबरी नळी लवकर बदलावी लागते, सिलिकॉनची जास्त दिवस टिकते. भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला खूण करा. नळी आहे हे विसरून महिनोन्‌महिने तशीच ठेवलेली माणसं दवाखान्यात येतात, तेव्हा नळीच्या टोकावर खडा जमलेला असतो आणि फुगा निघत नाही.

रोज आंघोळीच्या वेळी नळी जिथे शरीरात जाते ती जागा साबण-पाण्याने धुवा, पुढून मागे. डेटॉल, हळद, तेल, राख काही लावायचं नाही. पाणी भरपूर प्या. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर त्यांचं ऐका. रात्री पिशवी खाटेच्या खाली अडकवा, पण जमिनीवर टाकू नका. शेळ्या, कोंबड्या, नातवंडं यांच्यापासून ती जपायची सोय आधी बघा. गावातल्या उपकेंद्रावरच्या आरोग्य सेविकेला किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सांगून ठेवा, की आमच्या घरी नळीचा पेशंट आहे. आशाताईंना घरी नळी दाखवा.

लघवी नुसती गढूळ दिसली किंवा वास आला, म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून देऊ नका. नळी असली की लघवीत जंतू सापडणारच. नुसते जंतू सापडले म्हणजे आजार झाला असं नाही. त्रास नसताना गोळ्या दिल्या तर जंतू तेवढे हट्टी होतात, आणि पुढे खरा आजार आला की औषध उरत नाही. पण थंडी वाजून ताप आला, कंबरेत किंवा ओटीपोटात दुखलं, लघवीत रक्त आलं, नळीतून लघवीच बंद झाली, किंवा म्हातारं माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागलं, गुंगीत गेलं, तर तासभरही थांबू नका. १०८ ला फोन करा. आणि नळी ओढून काढायचा प्रयत्न कुणीही करू नये. आत फुगा आहे. तो रिकामा न करता ओढली तर मूत्रमार्ग फाटतो.

दवाखान्यांसाठीही आपण काही करू शकतो. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यात लोकप्रतिनिधी आणि गावातली माणसं असतात, आणि छोट्या खरेदीसाठी तिच्याकडे निधी येतो. त्या समितीत तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर त्यांना विचारा: वॉर्डातल्या प्रत्येक बेसिनला पाणी आहे का, साबण आहे का, खाटेजवळ हात चोळायचं सॅनिटायझर आहे का, पिशवी अडकवायला प्रत्येक खाटेला हूक आहे का? हूक नसला की पिशवी खाटेच्या कोपऱ्याला सुतळीने बांधली जाते आणि पेशंटने कूस बदलली की जमिनीला टेकते. वापरलेली नळी आणि लघवीची पिशवी नियमाप्रमाणे लाल पिशवीतच जाते. ती लाल बादली वॉर्डात हाताशी आहे का, हेही पाहायला सांगा. २०१५ पासून केंद्र सरकारच्या कायाकल्प उपक्रमात सरकारी दवाखान्यांची स्वच्छता आणि संसर्ग रोखण्याची व्यवस्था गुण देऊन तपासली जाते. आपल्या रुग्णालयाला किती गुण मिळाले, कुठे कमी पडले, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. आणि परिचारिकांच्या रिकाम्या जागा कधी भरणार, हा प्रश्न ग्रामसभेत किंवा आमदारांसमोर मांडायचं काम फक्त परिचारिकांवरच सोडू नका. तीस खाटांमागे रात्रीला एकच सिस्टर असेल, तर हात धुवायला तिला वेळ कुठून मिळणार?

खासगी हॉस्पिटलातही हेच विचारता येतं. बिलात रोजच्या खाटेचे पैसे, सिस्टरचे पैसे लावलेले असतात. मग नळीचा कितवा दिवस आहे हे सांगायला त्यांना अडचण वाटू नये.

नळी निघाली की सिस्टरला वेळ विचारा आणि लिहून ठेवा. पहिल्यांदा लघवी करताना थोडी जळजळ होते, घाबरू नका. सहा ते आठ तासांत लघवी झाली पाहिजे. झाली की किती झाली ते सिस्टरला सांगा. झाली नाही आणि ओटीपोट ताणल्यासारखं वाटायला लागलं, तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका, रात्री दोन वाजले असले तरी ड्युटीवरच्या सिस्टरला उठून सांगा.